‘संस्कार कमी पडले’ म्हणणाऱ्यांना, एका आईकडून

गेल्या आठवड्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज आला. मग तोच सोसायटीच्या ग्रुपवर, मग भिशीच्या. मजकूर थोडक्यात असा: स्किझोफ्रेनिया हा आजारच नाही, आईवडिलांच्या संस्कारांतली खोट आहे. त्याच्या गोळ्यांचं व्यसन लागतं, त्या बंद करा. आणि लग्न लावून द्या, अंगावर जबाबदारी पडली की मुलगा आपोआप ताळ्यावर येतो. माझा मुलगा 26 वर्षांचा आहे. एकोणिसाव्या वर्षापासून त्याला हा आजार आहे, ज्यात भास होतात, भलतेसलते संशय येतात. त्यामुळे मला गप्प बसवलं नाही.

संस्कारांचा आरोप जुनाच आहे. 1948 साली अमेरिकेत फ्रीडा फ्रॉम-राइशमन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी या आजाराचा दोष आईच्या वागण्याकडे नेला, आणि पुढे कितीतरी वर्षं आया त्या ओझ्याखाली दबून राहिल्या. ती कल्पना टिकली नाही. जुळ्या भावंडांचंच बघा. हुबेहूब जुळ्यांपैकी एकाला हा आजार झाला, तर दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास असते. वेगवेगळ्या चेहऱ्यांच्या जुळ्यांत ती खूपच कमी असते. दोन्हीकडे घर एकच, आई एकच, ताटातली पोळीही एकच. संस्कारांनीच हे होत असतं तर हा फरक पडला नसता. हो, घरात सतत टोचून बोलणं, ओरडणं असेल तर आजार पुन्हा उसळतो, हे मात्र खरं आहे. मी स्वतः ओरडले आहे आणि त्याचा परिणाम पाहिला आहे. पण आजार उसळणं वेगळं आणि मुळात होणं वेगळं.

गोळ्यांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण हा सल्ला सगळ्यात घातक आहे. या गोळ्यांची तल्लफ येत नाही, डोस वाढवून मागावासा वाटत नाही. उलट मुलं त्या टाळतात. एकदा तुळशीची माती उकरताना मला सात गोळ्या सापडल्या. जिभेखाली धरून, माझी पाठ वळली की तो तिथे पुरत होता. मी चिडले, मग रडले. डॉक्टरांनी समजावलं की ‘मला काहीच झालेलं नाही’ असं वाटणं हाही या आजाराचाच भाग असतो, तो खोटं बोलत नाही. त्याला खरंच तसं वाटतं. गोळ्यांमुळे वजन वाढतं, हात थरथरतात, दुपारपर्यंत डोळे उघडत नाहीत. हे सगळं आहेच आणि ते डॉक्टरांना सांगायलाच हवं; औषध बदलता येतं, डोस कमी करता येतो. पण मेसेज वाचून एका दिवसात बंद करायचं? आम्ही दुसऱ्या वर्षी ‘आता बरा दिसतोय’ म्हणून तेच केलं. दोन महिन्यांत तो खिडकीच्या फटींत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायला लागला. बाहेरून आपलं बोलणं ऐकतात, म्हणाला. नंतर दोन आठवडे दवाखान्यात काढले.

लग्नाचा सल्ला देणाऱ्यांना मी एकच विचारते: तुमची मुलगी द्याल? आजार लपवून लावलेल्या लग्नात गोळ्याही लपवाव्या लागतात, म्हणजे त्या चुकतात. नवं घर, रात्रीची जागरणं, पाहुणे, नोकरीचा ताण, सगळं एकदम अंगावर येतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 मध्ये, म्हणजे घटस्फोटाच्या कलमात तर स्किझोफ्रेनियाचं नाव घेऊन उल्लेख आहे, तेव्हा प्रकरण कोर्टापर्यंत जाऊ शकतं. तब्येत स्थिर आहे, दोन्ही घरांना सगळं माहीत आहे, अशी लग्नं होतात आणि टिकतातही. पण लग्न म्हणजे औषध नव्हे.

ज्या गोष्टीने आम्हाला झोप लागत नाही, तिच्याबद्दल मेसेजमध्ये अक्षरही नाही. आमच्यानंतर याचं कोण? 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता येतात. त्या मुलांना जिल्हा पातळीवरच्या समितीकडून कायदेशीर पालक मिळू शकतो. मानसिक आजार त्या यादीत नाही. मागे मी एक दोनशेपानी वही केली आणि धाकट्या लेकीला वाचायला दिली. कुठली गोळी कधी, कुठल्या मेडिकलमध्ये मिळते, 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, अपंगत्वाच्या दाखल्याची झेरॉक्स कुठल्या पिशवीत आहे. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय: खिडकीत कागद दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर, त्याच्याशी वाद घालू नकोस.