कोल्हापूर–मुंबई सोडा, दरभंगा धरा

नवीन स्वस्त विमान कंपनी येतेय अशी कुणकुण लागली की आपल्या लोकांची एकच मागणी सुरू होते. आमच्या गावाहून मुंबईला विमान हवं. कोल्हापूरवाले कोल्हापूर म्हणतात, सोलापूरवाले सोलापूर, आणि आमच्या भांडुपचे समस्त मालवणी एका सुरात सिंधुदुर्गातलं चिपी. खाली पालकमंत्र्यांना टॅग.

भांडुप स्टेशनजवळ माझं तिकीट बुकिंगचं दुकान आहे. रेल्वे, खाजगी बस, विमान, सगळं करतो. कोण कुठे जातो, कशाने जातो आणि दर सांगितल्यावर कोणाचा चेहरा कसा पडतो हे काउंटरच्या अलीकडून रोज दिसतं. त्या जोरावर सांगतो, नवीन कंपनीनं जिल्ह्याजिल्ह्यांतून मुंबईला विमानं आणण्याच्या फंदात पडू नये. तिनं नवी मुंबईहून बिहारमधलं दरभंगा, पूर्णिया आणि उत्तर प्रदेशातलं गोरखपूर धरावं. आणि महाराष्ट्राची सेवा करायचीच असेल तर मुंबई वगळून करावी.

शिव्या घालायच्या आधी पुढचं वाचा.

माझा हिशोब साधा आहे. त्या गावाला जायला रेल्वेत किती रात्री जातात? एक रात्र जात असेल तर विमानवाल्यानं तिकडे बघू नये. महालक्ष्मी, सिद्धेश्वर, अमरावती एक्सप्रेस, कोकणकन्या या गाड्या काय करतात? माणूस रात्री जेवून बसतो, चादर ओढून झोपतो, सकाळी गावात उतरतो. दिवस मोडत नाही, हॉटेलचं भाडं लागत नाही. हेच विमानानं करा. घरातून टॅक्सी, दीड-दोन तास आधी विमानतळ, सिक्युरिटीची रांग, बेल्ट काढा, लॅपटॉप काढा, मग तासाभराचं उड्डाण, मग कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाहून शहरात. भर दिवसाचे चार-पाच तास गेले आणि पैसे थ्री एसीच्या कितीतरी पट. वर आता वंदे भारतही आहे. सोलापूरची फेब्रुवारी 2023 पासून धावतेय, साडेसहा तासांच्या आसपास घेते. जालन्याची 2025 मध्ये नांदेडपर्यंत वाढवली.

हां, एक गिऱ्हाईक मात्र विमानाचं आहे. सकाळी येऊन मंत्रालयातलं किंवा कोर्टातलं काम उरकून रात्री घरी जेवायला जाणारा. पण त्याला सकाळी सातचं विमान लागतं आणि संध्याकाळी सातचं परत. म्हणजे विमान रात्री त्या गावात मुक्कामाला हवं, रोज दोन फेऱ्या हव्यात. आपल्याकडे मिळतं काय? एक फेरी, तीही दुपारी एक-दोनला, कधी आठवड्यातून तीनच दिवस. असं विमान ना वकिलाच्या कामाचं, ना फाउंड्रीवाल्याच्या. आता तर 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं. म्हणजे सकाळच्या विमानाचा जो एक हक्काचा प्रवासी होता, त्याचंही मुंबईला येणं कमी झालं.

गैरसोयीच्या वेळा देण्यात कंपन्यांची हौस नाही, त्याला कारण आहे. सांताक्रूझच्या आपल्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तासाला जेमतेम 45-46 विमानं उतरणार-उडणार. आता 70 सीटचं एटीआर उतरलं काय आणि 180 सीटचं एअरबस उतरलं काय, धावपट्टी जवळपास तेवढीच अडते. त्यात 80 पेक्षा कमी सीटच्या विमानाला देशात लँडिंग चार्ज माफ. मग विमानतळवाला सकाळी सातचा स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ, कोणाला देईल? लहान गावाला उरलीसुरली दुपार मिळते आणि मग सहा महिन्यांनी म्हणायचं, प्रतिसाद नाही.

नवी मुंबईनं ही कोंडी थोडी सुटली. 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन झालं, 25 डिसेंबरपासून विमानं उडायला लागली. पहिल्या टप्प्याची क्षमताच वर्षाला 2 कोटी प्रवाशांची. सकाळचे स्लॉट आता मागितले तर मिळतील, चार वर्षांनी मागितले तर तिथेही सांताक्रूझ झालेलं असेल. पण हे सोन्यासारखे स्लॉट एका रात्रीच्या गावांवर का घालवायचे?

आता चिपी. हे लिहिताना दुकानाच्या शटरची काळजी वाटते, कारण माझी अर्धी गिऱ्हाइकं कुडाळ, मालवण, वेंगुर्ल्याची आहेत. 9 ऑक्टोबर 2021 ला चिपीचं उद्घाटन झालं आणि मुंबईचं विमान सुरू झालं तेव्हा भांडुपमध्ये जो आनंद होता तो मी पाहिलाय. म्हाताऱ्या आईला एकदा विमानात बसवायचं म्हणून तिकीट काढायला आलेले लोक होते. पण लहान गावं विमानानं जोडायच्या केंद्राच्या उडान योजनेतलं अनुदान तीन वर्षांचं असतं. ऑक्टोबर 2024 मध्ये मुदत संपली आणि मुंबईचं विमानही थांबलं.

सगळे म्हणतात राजकारण. असेल. पण दोन गोष्टी कोणी बोलत नाही. पहिली गोव्याचं मोपा विमानतळ. 2023 च्या जानेवारीपासून मोप्याला विमानं उतरायला लागली, मोठी, दिवसभर आणि स्पर्धेमुळे स्वस्त. बांदा-सावंतवाडीच्या माणसाला मोपा हाकेच्या अंतरावर. तो चिपीच्या एकुलत्या एका विमानाची वाट कशाला बघेल? दुसरी गोष्ट चाकरमानी. गणपतीच्या आधी चार दिवस मुंबईहून विमानं कितीही सोडा, भरतील. पण तेच विमान चिपीहून मुंबईला परत यायचंय, त्यात कोण बसणार? त्या चार दिवसांत कोकणातून मुंबईला कोणी निघत नाही. गौरी-गणपती विसर्जनानंतर उलटं. म्हणजे एका बाजूच्या भाड्यात दोन बाजूंचं इंधन जाळायचं. मग तिकीट आठ-नऊ हजारांवर गेलं की आपणच "लूट" म्हणून पोस्ट टाकणार.

शिवाय आपलं सामान. विमानाच्या पोटातलं पंधरा किलो आणि हातातलं सात किलो यात कुठला मालवणी बसतो? तांदूळ, सोलं, कुळथाचं पीठ, काजू, मे महिन्यात आंब्याची पेटी. कोकणकन्येत कोणी वजन करत नाही.

आता दरभंग्याकडे या. माझ्याकडे साकीनाका, भांडुप, पवईकडचे सुतार, फॉल्स सीलिंगवाले, रंगारी येतात. त्यांची पद्धत ठरलेली. मोबाईल पुढे करतात, त्यात व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले घरच्यांच्या आधार कार्डांचे फोटो. एक कायमचा गिऱ्हाईक आहे, मधुबनीकडचा, फर्निचरचं काम करतो. त्याचा प्रश्न असतो, "सीधा दरभंगा कितने में पड़ेगा?" मी दर सांगितला की तो रेल्वेच्या भाड्याशी तुलना करत नाही. तो हजेरी मोजतो. कुर्ला टर्मिनसहून पवन एक्सप्रेसनं दीड दिवस जायला, दीड दिवस यायला, गाडी लेट झाली तर आणखी. तीन-चार दिवसांची मजुरी बुडते आणि वेटिंग कन्फर्म होईल की नाही हा घोर वेगळा. विमानाला लागतात अडीच तास. सगळी बेरीज मांडून तो म्हणतो, काढा. हा माणूस श्रीमंत नाही, हौशी तर अजिबात नाही.

दरभंग्याला प्रवासी वाहतूक सुरू झाली 8 नोव्हेंबर 2020 ला. हवाई दलाच्या तळावर एका कोपऱ्यात छोटंसं टर्मिनल. उडान योजनेत ज्या विमानतळांनी खरोखर गर्दी खेचली त्यांत दरभंगा वरच्या रांगेत आहे. कोणी जाहिरात केली नव्हती. रेल्वेत दोन रात्री काढून कंटाळलेली माणसं आधीपासून होतीच, विमान उशिरा आलं एवढंच. आता 15 सप्टेंबर 2025 ला पूर्णियाचं उद्घाटन झालंय. कटिहार, अररियाकडची मंडळी आजवर बंगालातल्या बागडोगऱ्याला किंवा पाटण्याला उतरून पुढे गाडी बघायची. गोरखपूरचं तेच, कुशीनगर एक्सप्रेसला विचारा.

छठला एकतर्फी गर्दी तिथेही होते, मान्य. पण बिहारकडची ये-जा चार दिवसांपुरती नाही. लगन आहे, आजारपण आहे, मयत आहे, मुलाची परीक्षा आहे, गावाकडून उपचाराला परळच्या टाटा हॉस्पिटलात येणारे रुग्ण आहेत. वर्षभर दोन्ही बाजूंनी माणूस चालू असतो. फक्त एक काळजी घ्यावी. डिसेंबर-जानेवारीत तिकडे सकाळी धुकं इतकं असतं की विमान उतरत नाही, तेव्हा त्या दिवसांत दुपारची वेळ ठेवावी. म्हणजे सकाळच्या स्लॉटचा हट्टही नको.

कमेंटमध्ये काय येणार ते मला ठाऊक आहे. महाराष्ट्रातल्या विमानतळावरून परप्रांतीयांची सोय कशाला? अहो, ती माणसं जाणारच आहेत, आज कुर्ला टर्मिनसला जनरल डब्याच्या रांगेत बसून जातात. आणि कंपनी नवीन आहे, तिला जगायचंय. किंगफिशर 2012 ला बसली, जेट एप्रिल 2019 ला, गो फर्स्ट मे 2023 ला. तिघींचं मुख्य बस्तान मुंबईत होतं आणि आपल्या ओळखीपाळखीतली किती मराठी पोरं त्यात ग्राउंड स्टाफ, केबिन क्रू, इंजिनीअर म्हणून होती ते आठवा. कंपनी टिकली तर नोकऱ्या पनवेल-उलव्यातल्या पोरांना लागतील.

मग दिल्ली, बंगळुरू, गोवा का नको? डिसेंबर 2025 मध्ये वैमानिकांच्या ड्युटीच्या नवीन नियमांवरून इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, सरकारला भाड्यावर मर्यादा घालावी लागली, तेव्हापासून सगळे म्हणतात की या मार्गांवर आणखी कोणीतरी हवा. ग्राहक म्हणून मलाही हवा. पण साठ टक्क्यांहून जास्त बाजार ज्याच्या हातात आहे, त्याच्या तासातासाच्या फेऱ्यांसमोर चार विमानांची कंपनी उभी केली तर तो दोन महिने भाव पाडेल आणि विषय संपेल. दुबईचं स्वप्नही लगेच नको. 20 विमानं झाल्याशिवाय परदेशी उडायची परवानगीच मिळत नाही.

आता महाराष्ट्राचं. आपल्या राज्यात खरी पंचाईत मुंबईला येण्याची नाही, मुंबई सोडून कुठेही जाण्याची आहे. कोल्हापूरच्या माणसाला नागपूरला जायचंय. महाराष्ट्र एक्सप्रेस आहे, गोंदियापर्यंत जाते, आणि तिच्यात बसलात की अख्खा एक दिवस आणि वर काही तास बाजूला काढायचे. समृद्धी महामार्ग जून 2025 ला पूर्ण झाला त्याचा फायदा मुंबई-नाशिकला, सांगली-कोल्हापूरला नाही. अधिवेशनाला जाणारा कार्यकर्ता, नागपूरला मुलगी दिलेले आईबाप, संत्र्याचा व्यापारी, सगळे दोन गाड्या बदलत जातात किंवा ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमध्ये हाडं खिळखिळी करून घेतात. कोल्हापूर–नागपूर, जळगाव–कोल्हापूर, सोलापूर–नागपूर. इथे 70 सीटचं एटीआर नेमकं बसतं, आणि यातल्या एकाही ठिकाणी मुंबईसारखी स्लॉटची मारामारी नाही.

नांदेडचं तर उदाहरण पाठ करावं असं आहे. 27 एप्रिल 2017 ला उडानची पहिली विमानं उडाली त्यात नांदेड–हैदराबाद होतं. पण नांदेडची खरी ओढ शिखांच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याची. अमृतसरहून सचखंड एक्सप्रेसनं येणाऱ्या भाविकाचा जवळपास दीड दिवस रेल्वेत जातो. तिथे रोजचं मोठं विमान द्या. शिर्डीनं हे दाखवून दिलंय. 2017 ला विमानतळ सुरू झाला तेव्हा मुंबई–शिर्डी विमानाचं केवढं कौतुक होतं. आज शिर्डीचं विमानतळ चालतं ते हैदराबाद, चेन्नई, बंगळुरूच्या साईभक्तांवर. मुंबईकर आपला रात्री दादरहून बसनं निघतो आणि काकड आरतीला पोहोचतो.

एक पथ्य मात्र पाळावं. एटीआर आणि एअरबस दोन्ही एकदम घेऊ नयेत. वैमानिक वेगळे, सुटे भाग वेगळे, मेकॅनिक वेगळे, आणि स्वस्त कंपनीचा स्वस्तपणा तिथेच संपतो. मोठी विमानं असतील तर नवी मुंबईहून दरभंगा-पूर्णिया-गोरखपूर आणि नांदेडहून अमृतसर. लहान असतील तर नागपुरात तळ टाका आणि मुंबईचं नावच काढू नका. मला विचाराल तर मोठी घ्या. आणि पहिल्या वर्षी तीनच गावं, पण रोज आणि ठरल्या वेळेला. आठवड्यातून दोनदा जाणाऱ्या विमानाचं तिकीट मी स्वतः गिऱ्हाइकाला सुचवत नाही, कारण मयतीला निघालेल्या माणसाला "परवा आहे" असं सांगता येत नाही.

बुकिंगही वेळेवर उघडा. छठ दिवाळीनंतर सहा दिवसांनी येते, पण माझ्या काउंटरवर विचारणा राखीपासून सुरू होते. दसऱ्याला वेळापत्रक जाहीर करणाऱ्या कंपनीच्या हाती काही लागत नाही, तोवर लोकांनी वेटिंगचं का होईना रेल्वेचं तिकीट काढलेलं असतं.

बाकी चर्चेला मी बसलोच आहे, दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं. फक्त कमेंटमध्ये "चिपी" लिहिणाऱ्यांनी गणपतीच्या आदल्या दिवशी चिपीहून मुंबईला येणाऱ्या विमानात कोण बसणार, तेवढं नाव लिहावं.