गृहीत धरलेला माणूस

पुन्हा तेच! जर्मनीतलं विद्यार्थी परमिट संपायच्या तीन महिने आधी मुदतवाढीचा अर्ज टाकला, ब्लॉक्ड अकाउंटात (खर्चाची सोय आहे हे दाखवायचं खातं, महिन्याला ठरावीकच पैसे निघतात) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवले (बाबांची एफडी त्यातच मोडली), आणि अपॉइंटमेंट मिळाली कधीची? परमिट संपल्यानंतरची.

मधल्या काळासाठी हातात पडतो एक कागद. नाव फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग. उच्चारायला शिकेपर्यंत त्याचीच मुदत संपते. अर्थ काय, तर तुमचं परमिट अजून चालू आहे असं 'मानलं' जातं. जर्मनीच्या निवास कायद्याचं कलम ८१, परिच्छेद ४. जुने हक्क तसेच, काम करा, भारतात जाऊन परत या. कायद्याला सगळं माहीत आहे हो! पण घरमालकाला? बँकेला? कॅफेच्या मॅनेजरला? प्रत्येकापुढे मीच कीर्तनाला उभा. आणि मुंबईच्या चेक-इन काउंटरवर तो घडीचा कागद लग्नपत्रिकेसारखा उलटापालटा करून बघतात, मग "एक मिनिट थांबा" म्हणून आत जातात ते जातातच.

काल आईचा फोन. "गणपतीला येतोयस ना रे?"

बघतो म्हटलं. तिकडे तिकिटं रोज महाग होतायत.