लवकी कडू लागली तर फेकायची, प्यायची नाही

मागच्या आठवड्यात आमच्या मोठ्या आईला तालुक्याला नेऊन सलाईन लावावी लागली, आणि ती एका व्हॉट्सॲप मेसेजपायी. गावच्या ग्रुपवर कुणीतरी 'भाजीची पाच सत्यं' म्हणून लांबलचक काहीतरी टाकलं. नातवाने ते तिला मोठ्याने वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी गोठ्याच्या छपरावरची लवकी, म्हणजे दुधी भोपळा, किसून, पिळून, उपाशीपोटी ग्लासभर रस तिने घेतला. "कडूजहर व्हता बाप्पा," ती मला नंतर सांगत होती, "पन त्याच्यात सांगतलं व्हतं, जेवढा कडू तेवढा गुनाचा. म्हून डोये मिटून पेली." अर्ध्या तासात उलट्या सुरू झाल्या, त्यामागून संडास. ती आता बरी आहे. मी मात्र अजून शांत झालेलो नाही.

मेसेजमधली पाच सत्यं अशी: पावसाळ्यात पालेभाजी म्हणजे विष. भाजी शिजवली की सत्त्व मरतं, म्हणून कच्चा रस प्या. रस कडू असेल तर उत्तम. तब्येतीसाठी रोज अर्धा किलो भाजी लागते, ती खेड्यातल्या माणसाला जमूच शकत नाही. आणि म्हणून शेवटी, अर्थातच, हिरव्या पावडरीचा डबा घ्या.

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण त्यानेच घात केला. लवकी, काकडी, दोडका, कोहळं (लाल भोपळा) हे सगळे एकाच कुळातले वेल. किडीपासून वाचायला ही झाडं कुकर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं तयार करतात. खायच्या वाणांत ती अगदी नावापुरती असतात, पण एखाद्या फळात ती वाढतात आणि ते फळ कडू निघतं. ग्लासभर रसात जवळपास अख्खी लवकी एका दमात पोटात जाते. कडू लवकीच्या रसाने देशात माणसं दगावल्यावर आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, तज्ज्ञांची समिती नेमली, तिचं म्हणणं 2012 साली त्यांच्याच नियतकालिकात छापून आलं. त्यात आडपडदा नाही. रस काढण्याआधी लहान फोड चाखून बघा, कडू लागली तर अख्खं फळ फेका. कडू रस अजिबात पिऊ नका, लवकीच्या रसात दुसरा रस मिसळू नका. प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब, नुसतं अस्वस्थ जरी वाटलं तरी लगेच दवाखाना गाठा, कारण यावर उतारा म्हणून ठरलेलं औषध नाही. आणि शिजवल्याने हा कडूपणा जात नाही, तेव्हा 'रस नको तर भाजी करू' हेही चालणार नाही.

कुणी म्हणेल, मग कारलं? कारलं जन्माचंच कडू आहे, त्याचा कडूपणा आपण पिढ्यानपिढ्या पारखलेला आहे. लवकी गोडसर असायला हवी. ती कडू निघाली याचा अर्थ ती बिघडली. आणि राग येतो तो याचा, की हीच मोठी आई भाजी करताना देठाकडची फोड आधी जिभेवर ठेवते. काकडीचंही तसंच. पन्नास वर्षांची सवय, अन् एका मेसेजपुढे ती गुंडाळून ठेवली!

शिजवल्याने सत्त्व मरतं हे चार आणे खरं आहे. क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं, आणि भाजी उकळून पाणी ओतून दिलं तर त्यासोबतही जातं. पण पालक, कोहळं, गाजर यांतून मिळणारं अ जीवनसत्त्व शिजवल्यावर आणि सोबत थोडं तेल असल्यावर अंगी जास्त लागतं. अंबाडीच्या भाजीवर लसणाचं तेल ओतणाऱ्या आपल्या बाया काही चुकत नव्हत्या. भाजी आधी धुवा, मग चिरा, पाणी त्यातच आटवा, वरून लिंबू पिळा. लिंबाने पालेभाजीतलं लोहही अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला की उलटं होतं.

आता अर्धा किलो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या आहारसूचनांत 2000 कॅलरीच्या दिवसाला 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं धरली आहेत, तीही कच्च्या वजनाने. म्हणजे आकडा हवेतला नाही. जमत नाही हेही, झक मारून कबूल करतो, बरंचसं खरं आहे. आमच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी मचूळ. उन्हाळ्यात भाजीचा वाफा जगत नाही आणि बाजारात भाव विचारायची सोय नसते.

पण म्हणून सोडूनच द्यायचं? मी आमच्या दुकानाच्या काट्यावर घरची भाजी तोलून पाहिली. पाच माणसांत एका वेळची वांग्याची भाजी, त्यातले आलू बाजूला काढले तर माणशी शंभर ग्रॅमही भरेना. आलू काढले कारण जागतिक आरोग्य संघटनासुद्धा तिच्या फळं-भाज्या मिळून 400 ग्रॅमच्या हिशेबात आलू धरत नाही. मग त्याच स्वयंपाकात वरणाऐवजी डाळभाजी केली. लग्नात पत्रावळीवर पडते तीच, तूरडाळ, मूठभर शेंगदाणे आणि दोन जुड्या पालक. निवडून-धुऊन पाव किलोवर पाला निघाला, म्हणजे माणशी पन्नास ग्रॅम वाढले. जास्तीची चूल नाही, जास्तीचं भांडं नाही. कढीत मुळ्याच्या चकत्या, बेसनात पालक घालून आळण, भाकरीच्या पिठात मेथी मळली की पोरं कुरकुरत का होईना खातात. सांबार, म्हणजे कोथिंबीर, तर आपल्याकडे नुसता वरून भुरभुरायचा नसतो, त्याच्या वड्या होतात. हिवाळ्यात भाजी मातीमोल होते तेव्हा मेथी, हरभऱ्याचा पाला, वांग्याच्या फोडी वाळवून ठेवायच्या. मोरीच्या पाण्यावर कोहळ्याचा एक वेल चढतोच. चारशे होणार नाहीत. शंभराचे दोनशे होतील, आणि मला तेवढं पुरे आहे.

पावसाळा आणि पालेभाजी: चिखल, अळ्या, गोगलगायी हे सगळं खरं, पण त्याला दोन-तीन पाण्यांनी धुणं हा उपाय आहे. तरोटा, काटेमाठ या रानभाज्यांचा मोसमच तो. भीती घालायचीच होती तर फवारणीची घालायची. कपाशीत औषध मारलंय, बांधावर तणनाशक मारलंय, तिथला तरोटा खुडू नका, निंदायला जाणाऱ्या बायांनाही सांगा. 2017 साली यवतमाळात फवारणीने किती घरं उघडी पडली ते आपण पाहिलंय. मेसेजमध्ये याचा एक शब्द नाही.

पावडरीच्या डब्यावर 'मोरिंगा' लिहिलं होतं. मोरिंगा म्हणजे मुंगणा, अर्थात शेवगा. आमच्या गोठ्यामागे उभा आहे, त्याच्या शेंगा माकडं नेतात आणि पाला बकऱ्या खातात.

मोठी आई परवा घरी आल्या-आल्या लवकीचा वेल उपटायला निघाली होती. मी म्हटलं, राहू दे, प्रत्येक फळ चाखून घे, फक्त या वेलाचं बी धरू नको. "मंग तू बी लेह्य ना मोबाईलवर," ती म्हणाली. लिहिलं. आता त्याच ग्रुपवर टाकतोय, आणि त्याच नातवाला सांगितलंय, आजीला मोठ्याने वाचून दाखव.