वार उजवीकडे म्हणजे मुलगा? सहाव्या आठवड्याच्या फोटोत तसलं काही दिसत नाही

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. भिशीचा ग्रुप, कॉलेजातल्या जुन्या विद्यार्थिनींचा, आमच्या भावकीचा आणि अपार्टमेंटचा. मजकूर थोडक्यात असा: ‘सायलेंट ऑब्झर्व्हर बसल्यापासून डॉक्टर काही सांगत नाहीत. आता आपलं आपणच ओळखा. सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सोनोग्राफीचा फोटो घ्या. वार (प्लॅसेंटा) उजवीकडे असेल तर मुलगा, डावीकडे असेल तर मुलगी. परदेशी डॉक्टरांचं संशोधन आहे, ९७ टक्के खात्री. ठोके १४० च्या वर असतील तर मुलगी, खाली असतील तर मुलगा. रिपोर्टवर अँटिरियर लिहिलंय की पोस्टिरियर तेही बघा, तो डॉक्टरांचा इशारा असतो. आमच्या घरात तिन्ही सुनांचं जुळलं. यात डॉक्टर नाही, मशीन नाही, म्हणजे गुन्हाही नाही. अमेरिकेत तर उघड सांगतात.’ शेवटी एक मोबाइल नंबर: रिपोर्टचा फोटो आणि पाचशे रुपये पाठवा, तासाभरात उत्तर. (सायलेंट ऑब्झर्व्हर म्हणजे सोनोग्राफी मशीनवर काय बघितलं त्याची नोंद ठेवणारं यंत्र.)

मी अकरावी-बारावीला पंचवीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. असले मेसेज वाचून पुसून टाकायची मला सवय आहे. हा पुसला नाही, कारण मंगळवारी संध्याकाळी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. पहिली मुलगी बालवाडीत, आता सातवा आठवडा. चहा समोर तसाच ठेवून तिनं मोबाइल पुढं केला. सोनोग्राफीचा फोटो होता. काळ्या डागाभोवतीच्या पांढरट कडेला कुणीतरी लाल रंगात गोल केला होता. म्हणाली, ‘मॅडम, ही उजवी म्हणायची का डावी?’

मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? ‘ठोके चांगले आहेत म्हणाले.’ घरात ते कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून एकेक मुद्दा घेते. फोटोबद्दल मी जे लिहितेय ते, रेडिओलॉजिस्ट झालेल्या माझ्या दुसऱ्या एका विद्यार्थिनीकडून तपासून घेतलंय.

‘वार उजवीकडे तर मुलगा, ९७ टक्के.’ हे रम्झी पद्धत या नावानं २०११ पासून इंटरनेटवर फिरतंय. पाच हजारांवर गरोदर बायका तपासल्या आणि मुलग्यांच्या बाबतीत ९७.२ टक्के, मुलींच्या बाबतीत ९७.५ टक्के जुळलं, असा त्यात दावा आहे. तज्ज्ञांकडून तपासून घेऊन मगच छापणाऱ्या कुठल्याही वैद्यकीय नियतकालिकात हे काम आलेलं नाही. टक्केवारीत दशांश चिन्ह आलं की आपल्याला ते खरं वाटतं. बारावीची मुलंसुद्धा प्रयोगवहीत हे करतात.

आता आत काय असतं ते बघू. आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात. म्हणजे सहावा आठवडा म्हणतो तेव्हा गर्भ खरा चार आठवड्यांचा असतो. लांबी पाच मिलिमीटरच्या आसपास, मसुराच्या दाण्याएवढी. मुलगा की मुलगी हे शुक्रपेशीतून एक्स गुणसूत्र आलं की वाय यावर गर्भ राहतानाच ठरलेलं असतं, पण शरीरात त्याची खूण अजून उमटलेली नसते. ज्या ग्रंथींतून पुढं वृषण किंवा अंडाशय घडणार, त्या दोघांतही यावेळी सारख्याच असतात. बाहेरचे अवयव घडायला तर याच्याही पुढं बरेच आठवडे जावे लागतात आणि तेही सुरुवातीला दोघांत हुबेहूब एकाच आकाराचे असतात. नेमकं कधी वेगळं दिसायला लागतं हे मी इथं मुद्दाम लिहीत नाही.

आणि वार? ज्या पांढऱ्या कडेला लाल गोल काढला होता, ती अजून वार झालेलीच नसते. या दिवसांत गर्भाच्या सॅकभोवती, म्हणजे तो ज्या आवरणात असतो त्याभोवती, सगळीकडून बारीक झालरीसारखे उंचवटे असतात. पुढच्या काही आठवड्यांत एका बाजूचे वाढतात, बाकीचे विरतात आणि मग थाळीसारखी वार तयार होते. गर्भ साधारण सहाव्या-सातव्या दिवशी पिशवीच्या अस्तरात रुजायला लागतो. तो कुठल्या भिंतीला रुजला, याचा एक्स-वायशी काही संबंध नाही. उजव्या अंडाशयातून मुलगा येतो असंही काहीजण सांगतात. एक्सवाल्या आणि वायवाल्या दोन्ही शुक्रपेशी दोन्ही बाजूंच्या गर्भनळ्यांत पोचतात.

समजा, बाजू बघायचीच म्हटली, तरी ती फोटोवरून कळत नाही. आडव्या छेदात पडद्याची डावी बाजू ही सहसा बाईची उजवी असते. डॉक्टरांनी हातातला प्रोब उलटा धरला, किंवा मशीनवरचं चित्र उलटवायचं बटण दाबलं, की डाव्याचं उजवं होतं. पोटावरून केलेली आणि आतून केलेली सोनोग्राफी यांचे कोनही वेगळे. माझ्या विद्यार्थिनीच्या मोबाइलवरचा फोटो तर उभ्या छेदाचा होता. त्यात एका अंगाला डोक्याकडची बाजू, दुसऱ्या अंगाला पायाकडची. त्या चित्रात डावं-उजवं नव्हतंच! आणि त्यावर घरात दोन दिवस वाद चालला होता.

‘ठोके १४० च्या वर तर मुलगी.’ ठोके सुरू होतात तेव्हा, सहाव्या आठवड्याच्या सुमाराला, मिनिटाला ११० च्या आसपास असतात. नवव्या-दहाव्या आठवड्यापर्यंत ते १७० पर्यंत चढतात आणि पुढं परत १५० च्या जवळ उतरतात. सगळ्याच बाळांचे, मुलगा असो की मुलगी. या हिशेबानं आपल्या कोल्हापुरातल्या प्रत्येक बाईच्या पोटात सहाव्या आठवड्यात मुलगा असेल आणि नवव्यात त्याचीच मुलगी होईल. १४० चा आकडा कुणी काढला माहीत नाही, पण त्यानं कितीतरी घरांत रिपोर्ट बघून तोंडं पडली आहेत. ठोके वाढत असणं ही चांगली बातमी असते हो. आनंदानं घरी सांगायची गोष्ट आहे ती.

‘अँटिरियर-पोस्टिरियर हा इशारा.’ वार पिशवीच्या पुढच्या भिंतीला असेल तर अँटिरियर, मागच्या भिंतीला असेल तर पोस्टिरियर. वार पिशवीच्या तोंडाशी खाली आली आहे का, आधीच्या सिझरच्या टाक्यावर आली आहे का, हे बाळंतपणाच्या वेळी जिवावर बेतू शकतं, म्हणून ते लिहितात. आणि डॉक्टर खरोखरच इशारा करत असतील, तर तो गुन्हा आहे. शब्दांनी, खुणेनं किंवा आणखी कुठल्याही प्रकारे लिंग सांगायला कायद्यात बंदी आहे.

‘आमच्या तिन्ही सुनांचं जुळलं.’ सगळ्यात जास्त पटतो तो हाच मुद्दा, कारण सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात. पण छापा-काटा करून सांगितलं तरी निम्म्या वेळा जुळणारच. तिन्हींचं जुळण्याची शक्यता आठात एक. आपल्या ओळखीची तीन-तीन सुनांची आठ घरं घेतली, तर त्यांतल्या एका घरात हा चमत्कार आपोआप घडतो, आणि मेसेज नेमकं तेच घर लिहितं. ज्यांचं चुकलं ते काय लिहिणार? बाळ हातात आल्यावर सहाव्या आठवड्याचा फोटो कोण काढून बघतंय? पाचशे रुपये घेणाऱ्याचाही हाच धंदा. शंभरजणांना उत्तर दिलं की साधारण पन्नासजण खूश होऊन नंबर पुढं देतात.

‘यात गुन्हा नाही.’ आहे. महाराष्ट्रानं देशात सगळ्यांच्या आधी, १९८८ मध्ये, गर्भलिंग तपासणीवर कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तो १९९६ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये कडक झाला. त्यात गर्भलिंग सांगण्याच्या सोयीची जाहिरात करायला बंदी आहे आणि इंटरनेटवरची जाहिरातही त्यात आली. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि १० हजारांपर्यंत दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. तेव्हा खाली नंबर आणि पाचशे रुपयांचा भाव असलेला मेसेज पुढं ढकलताना आपण काय ढकलतोय ते बघा. तपासणीची मागणी करणाऱ्या नवऱ्याला आणि नातेवाइकांनाही पहिल्याच वेळी ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे. गरोदर बाईवर मात्र घरच्यांनी जबरदस्ती केली असंच कायदा आधी धरून चालतो. कायदा करणाऱ्यांना आपली घरं ठाऊक होती.

‘अमेरिकेत उघड सांगतात.’ सांगतात, खरं आहे. पण आपल्याकडं काय झालं ते बघा. नैसर्गिकपणे हजार मुलग्यांमागं साधारण ९५० मुली जन्मतात. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं ८३९ मुली होत्या. राज्याचा आकडा तेव्हा ९१३ होता. म्हणजे शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं त्या जिल्ह्यात, ऊस आणि दूध आणि पैसा असलेल्या जिल्ह्यात, दर हजारी शंभरावर मुली कमी. त्या काळात मी वर्गात हजेरी घ्यायचे. त्या आकड्यानंतर काही वर्षांनी पाचवी-सहावीच्या वर्गांत मुलींचे बाक कमी दिसतात, असं शाळेतल्या मैत्रिणी सांगायच्या, आणि आम्हाला वाटायचं मुली दुसऱ्या शाळेत गेल्या असतील.

२०१० च्या सुमाराला तेव्हाचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी मशीनला सायलेंट ऑब्झर्व्हर बसवायला लावले आणि प्रत्येक तपासणीचा फॉर्म ऑनलाइन भरायला लावला. मशीनवर काय बघितलं त्याची नोंद राहायला लागली. मेसेजमध्ये ज्याला अडचण म्हटलंय, ती हीच. २०११ ला जिल्ह्याचा आकडा ८६३ झाला. वाढला, तरी राज्याच्या ८९४ पेक्षा खालीच. आणि मार्च २०१७ मध्ये आपल्या शेजारी, मिरजेजवळच्या म्हैसाळमध्ये, ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. गर्भपात करताना एका बाईचा जीव गेला म्हणून ते उघडकीला आलं. अमेरिकेचा दाखला देणाऱ्यांनी म्हैसाळ इथून किती किलोमीटर आहे ते आठवावं.

आता मला जे खरं म्हणायचंय ते. ‘मॅडम, एवढं खोटंच आहे तर राहू दे की, गंमत म्हणून लोक बघतात,’ असं मला भिशीत एकीनं सांगितलं. पण हा मेसेज सहावा-सातवा आठवडाच का निवडतो? गर्भपाताच्या गोळ्या ९ आठवड्यांपर्यंतच्या गरोदरपणासाठी असतात, त्याही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. म्हणजे ‘डावीकडं आहे’ असं उत्तर येतं, तेव्हा हातात बरोबर दोन-तीन आठवडे असतात. ना मशीन, ना फॉर्म, ना साक्षीदार. कुठूनतरी गोळ्या आणायच्या आणि न्हाणीघरात खाली करून टाकायचं. गर्भ नळीत राहिला असेल तर या गोळ्यांनी तो जात नाही. नळी फुटून बाई पोटातल्या पोटात रक्तस्राव होऊन मरू शकते. खरं तर पहिली सोनोग्राफी त्यासाठीच असते: गर्भ पिशवीतच आहे ना, ठोके आहेत ना, एक की जुळं, तारखा बरोबर आहेत ना.

गर्भपात हा आपल्याकडं १९७१ पासून कायदेशीर आहे, अटी पाळून, आणि गरज असलेल्या बाईनं लाजू नये असं माझं मत आहे. इथं गोष्ट वेगळी आहे. इथं बाईला निर्णय घ्यायला कुणी विचारलेलंच नसतं.

या नियमानं ‘मुलगी’ म्हणून पाडलेल्या गर्भांत निम्मे मुलगेच असणार, हा हिशेब कुणीही करू शकतं. तो मांडला की सासवा दचकतात, हे मी बघितलंय. पण मांडताना माझीच जीभ अडखळते, कारण त्यातून असा अर्थ निघतो की मुलगीच असती तर चाललं असतं. मला तो अर्थ नकोय. म्हणून हा हिशेब एकदाच लिहिते आणि सोडून देते.

ज्यांनी हा मेसेज पाठवला त्या चारही ग्रुपांवर मी हे टाकतेय. कृपा करून नंबरसकट तो मेसेज काढून टाका.

माझ्या विद्यार्थिनीनं परवा फोन केला. तिच्या सासूबाईंचा निरोप होता: मॅडमनी काय ते लिहून द्यावं, मोबाइलवरचं बारीक अक्षर मला दिसत नाही. मी मोठ्या अक्षरात प्रिंट काढून ठेवली आहे. रविवारी नातीला घेऊन त्या स्वतःच येणार आहेत.