ट निर्दोष, ड आरोपी

घरात काही आपटल्याचा आवाज झाला की आमची आत्या विचारते, "काय झालं?" लागलं का वगैरे चौकशी नंतर. आधी क्रियापद हवं. आत्या निवृत्त मराठी शिक्षिका आहे आणि निवृत्ती फक्त शाळेपुरतीच असते, अशी तिची समजूत आहे.

"कप तुटला," म्हणून बघा. "कप काय दोरी आहे तुटायला? तुटायला लांबी लागते. कप फुटतो." मग कपाचा कान? तो तुटतो. काडी मोडते, कापड फाटतं. ठरलेलं लग्न मोडतं, झालेलं नातं तुटतं आणि पक्ष मात्र फुटतो, कारण त्याचे तुकडे चहूकडे उडतात.

एवढ्यावर भागलं असतं तर चाललं असतं. खरी गोम पुढे आहे. तुटणे संस्कृतातल्या 'त्रुट्' धातूवरून आलं, फुटणे 'स्फुट्'वरून. ही दोन्ही आपोआप घडतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्यात माणसाने हात घातला की उ चा ओ होतो आणि ट चा ड. तुटचं तोड, फुटचं फोड, सुटचं सोड. फाटमध्ये ओ नाही होत, पण ड टळत नाही: फाड. म्हणजे 'कप फुटला' हा अपघात आणि 'कप फोडला' हा गुन्हा. आमच्याकडे आरोपपत्र एका अक्षरात तयार होतं. तुम्ही ट म्हणायचं, आत्या ड म्हणते.

(स्फुट् बिचारा मुळात दुष्ट नाही. त्याचा अर्थ उमलणं, उघडणं असाही आहे. म्हणून तर पालवी फुटते, तांबडं फुटतं, मुक्याला वाचा फुटते. ज्या शब्दतत्त्वातून अर्थ उलगडतो त्याला व्याकरणकारांनी नावच 'स्फोट' दिलं आणि भर्तृहरीने त्यावर अख्खं तत्त्वज्ञान उभं केलं. हे मी एकदा फुटक्या बरणीशेजारी उभं राहून आत्याला सांगितलं. तिने केरसुणी पुढे केली.)

या सगळ्यात एकच क्रियापद माझ्या बाजूचं आहे: मोडणे. हा गडी जन्मतःच ड घेऊन आला, त्यामुळे दिसायला अट्टल गुन्हेगार. पण काठी आपली आपण मोडते तेव्हाही मोडणे, आणि कुणी गुडघ्यावर घेऊन मोडतो तेव्हाही मोडणेच. वेगळं रूपच नाही! 'खुर्ची मोडली' या वाक्यात खुर्ची स्वतःहून गेली की तिला कुणी घालवली, हे साक्षात पाणिनी आला तरी सांगू शकणार नाही. तेव्हा घरात काही जायचंच असेल तर ते मोडणारं असावं. काचसामानाच्या वाटेला जाऊ नये.

परवा नेमकी खुर्चीच गेली. मी ताठ मानेने जाहीर केलं, "खुर्ची मोडली."

"कर्ता?" आत्या.

"खुर्ची."

"की कर्म?"

मी गप्प. तिने कपाटातून मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश काढला. १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीची फेरछपाई आहे ती, आणि टेबलावर ज्या जोराने ठेवली त्याने टेबलही मोडलं असतं. (यात टेबल कर्ता.) पानं उलटताना ती चष्म्यावरून माझ्या पोटाकडे बघत होती. त्याला कोशात आधार नव्हता.

शेवटी सुतार आला. त्याने पाय हातात घेतला, कूस म्हणजे भोकात बसणारं टोक बघितलं, भोकात बोट फिरवलं. "मोडली कुठंय? निखळलीय. कूस धड आहे, सांधा ढिला झालाय नुसता."

निखळणे! माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. निखळायला माणूस लागतच नाही. मी आत्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. तिनेही मान हलवून शब्द मंजूर केला.

मग सुताराने खुर्ची उलटी केली, बाकीचे तीन पाय हलवून बघितले आणि विचारलं, "हिच्यावर मागच्या दोन पायांवर झुलत कोण बसतं?"