हवेचं भाडं

आमच्या घराण्यात आंतरराष्ट्रीय व्यापार पहिल्यांदा केला तो आजोबांनी. एकदाच केला, आणि तो कॅसलरॉकच्या फलाटावर वाजला.

म्हणजे खरोखरच वाजला. पोर्तुगीज काळात मुरगावहून निघालेली आगगाडी कुळ्यापर्यंत पोर्तुगालात असायची आणि दूधसागरचा घाट चढून कॅसलरॉकला पोचली की हिंदुस्थानात. कुळ्याला पोर्तुगीजांचं कस्टम, कॅसलरॉकला इकडचं. आजोबा सावर्ड्याचे. बेळगावच्या व्याह्यांना द्यायला त्यांनी एक विलायती गजराचं घड्याळ घेतलं आणि दोन धोतरांत गुंडाळून होल्डॉलमध्ये कोंबलं. कॅसलरॉकला शिपायानं विचारलं, ‘‘काही दाखवण्यासारखं?’’ आजोबा म्हणाले, ‘‘कायच ना.’’ त्यावर होल्डॉल वाजू लागला. पुढे १९५५ साली भारतानं गोव्याची नाकेबंदी केली, तीत ती गाडीच बंद पडली. ती आपल्या घड्याळामुळे नव्हे, असं आजोबा शेवटपर्यंत कुणी न विचारता सांगत.

हा इतिहास पाठीशी असताना मी शहाणपण शिकायला हवं होतं. पण म्हापशात माझं घरसजावटीच्या वस्तूंचं छोटं दुकान आहे, आणि गेल्या पावसाळ्यात मांद्र्याच्या एका योग-रिसॉर्टची मोठी ऑर्डर आली: नेपाळचे एकशे वीस ‘सिंगिंग बोल’, म्हणजे काठीनं कडा घासली की गुणगुणणारे धातूचे वाडगे, आणि लोकता कागदाचे एकशे साठ कंदील. लोकता म्हणजे हिमालयातल्या एका झुडपाच्या सालीचा कागद. त्याला सहसा कीड लागत नाही, म्हणून नेपाळात सरकारी दस्तऐवजांसाठी तो पूर्वापार वापरतात. हे मी बायकोला अभिमानानं सांगितलं. ती म्हणाली, ‘‘दिवाळीला अख्खा गोवा घरी आकाशकंदील करतो आणि तू ते विमानानं मागवणार?’’

मी दुर्लक्ष केलं. हे दुर्लक्ष पुढे महागात पडणार आहे, म्हणून आत्ताच नोंदवून ठेवतो.

आयात-निर्यात कोड म्हणजे आपला पॅन नंबरच, हे कळल्यावर मला वाटलं अर्धं काम झालं. मग बँकेतून एडी कोड, म्हणजे परदेशी व्यवहारासाठी बँकेचा नंबर, मग कस्टम एजंट, मग उत्पत्तीचा दाखला. नेपाळात बनलेल्या मालाला हा दाखला असला की मूळ सीमाशुल्क सहसा लागत नाही, आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, मात्र लागतो. काठमांडूचे विक्रेते, ज्यांना मी ‘दाइ’ (दादा) म्हणतो आणि जे मला ‘हजुर’ (साहेब) म्हणतात, त्यांनी दाखल्याचं काम ‘भोलि’ करतो म्हणून सांगितलं. भोलि म्हणजे उद्या. आठवडाभरानं माझ्या लक्षात आलं की भोलि हे आपल्या कोंकणी ‘फाल्यां’चं सख्खं भावंड आहे; दोन्हींचा पंचांगाशी संबंध नाही.

पंचांगावरून आठवलं. दाइंनी पाठवलेल्या कच्च्या बिलावर साल होतं २०८१. त्यांचं विक्रम संवत. बँकेतल्या मुलीनं ते बघून अत्यंत सौजन्यानं विचारलं, ‘‘सर, हा माल अजून बनायचाय का?’’ शिवाय त्यांचं घड्याळ आपल्या पंधरा मिनिटं पुढे. म्हापशाचं दुकान एक ते चार बंद आणि त्यांच्याकडे शनिवारी सुट्टी. त्यामुळे आम्हा दोघांना एकाच वेळी जागे, कामावर आणि बोलायला राजी असण्याचे क्षण दुर्मीळच होते.

पैशांचा घोळ वेगळाच. नेपाळात ‘एनसी’ म्हणजे नेपाळी रुपया आणि ‘आयसी’ म्हणजे आपला. शंभर आयसीला एकशे साठ एनसी, हा दर १९९३ पासून जागचा हललेला नाही. नुसतं ‘रुपये’ म्हटलं तर कुठले, हे ज्याचं त्यानं ओळखायचं. मी वाहतुकीचा एनसीतला दर आयसी समजून घाबरलो, आणि वाडग्यांचा आयसीतला भाव एनसी समजून खूश झालो. दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतील अशी आशा होती. त्यांनी मलाच खाल्लं.

आता मुख्य प्रश्न: माल आणायचा कसा? माझी योजना सरळ होती. कंदील हलके, ते विमानानं. वाडगे जड, ते आगगाडीनं. चौथीतलं पोरगंही हेच सांगेल. आमचा कस्टम एजंट मात्र फोनवर इतका वेळ गप्प राहिला की मला वाटलं रेंज गेली.

‘‘खोके केवढे आहेत?’’

‘‘वीस खोके. लांबी, रुंदी, उंची साठ-साठ-साठ सेंटीमीटर. एकेकाचं वजन जेमतेम चार किलो!’’

‘‘साठ गुणिले साठ गुणिले साठ, भागिले सहा हजार. करा.’’

मी कॅल्क्युलेटरवर केलं. छत्तीस आले.

‘‘विमानात तुमचा खोका छत्तीस किलोचा. वीस खोके सातशे वीस किलो.’’

‘‘अहो पण काट्यावर ऐंशीच भरतील!’’

‘‘काटा आणि आकार, दोन्हींत जे जास्त भरेल त्याचं भाडं. विमानाच्या पोटात जागा मोजकी असते. तुम्ही तिथे हवा ठेवलीत तरी जागा जाणारच ना?’’

याला व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. एका घनमीटरला साधारण एकशे सदुसष्ट किलो धरतात. माल त्याहून विरळ असला तर भाडं हवेचं द्यायचं. वाडगे मात्र एकात एक बसतात. चौदा घट्ट खोकी, साडेतीनशे किलो, आणि तेवढ्याचंच भाडं. म्हणजे कंदील आणायला वाडग्यांच्या दुपटीहून जास्त पैसे. त्यामुळे योजना पार उलटी झाली. जड ते विमानानं, हलकं ते आगगाडीनं. बायकोला हे समजावताना मी दोनदा चुकलो आणि तिसऱ्यांदा तिनंच मला समजावलं.

आगगाडीचंही माझं एक गणित होतं. नेपाळच्या वीरगंजला सिर्सियाचा ड्रायपोर्ट, म्हणजे जमिनीवरचं कंटेनर-बंदर, आहे, तिथे आपल्या रक्सौलहून थेट रूळ जातात. नेपाळला जाणारे कंटेनर भरून जातात आणि बहुतेक रिकामे परततात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. रिकामीच येणारी गाडी, म्हणजे शेअर रिक्षावाल्यासारखी ‘चल बस, दे काय ते’ म्हणेल! एजंटानं सांगितलं की एका मालगाडीला पंचेचाळीस वाघिणी, त्यावर वीस फुटी नव्वद कंटेनर. ‘‘तुमचा माल सव्वाचार घनमीटर. गाडीला कळणारही नाही तुम्ही चढलात ते.’’ शेवटी कोलकात्याला परतणाऱ्या एका कंटेनरचा कोपरा मिळाला. भाडं इथेही आकारावरच, फक्त हवा जरा स्वस्त.

आधी वाडगे आले, आणि कस्टमच्या गोदामात अडले. कारण चोरीछुपी नव्हे, व्याकरण. जगातली प्रत्येक वस्तू कस्टमच्या यादीत कुठल्यातरी आकड्याखाली बसावीच लागते. घंटा असली तर ८३०६. तांब्याचं घरगुती भांडं असलं तर ७४१८. तालवाद्य असलं तर ९२०६. एजंटानं तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. साहेब सज्जन होते, पण जिज्ञासू.

‘‘हे वाजतं का?’’

माझ्या डोळ्यांसमोर आजोबांचा होल्डॉल आला. ‘‘वाजतं, सर.’’

‘‘म्हणजे वाद्य.’’

‘‘तसं गाणं नाही वाजत. एकच सूर.’’

‘‘म्हणजे घंटा.’’

‘‘पण काहीजण त्यात पाणीही ठेवतात,’’ हे मी का बोललो मला अजून कळलेलं नाही.

‘‘म्हणजे भांडं!’’

‘‘रिसॉर्टवाले म्हणतात यानं पाठदुखी...’’ एवढ्यात एजंटानं कॅमेरा छताकडे फिरवला. नंतर तो म्हणाला, उपचाराचं नाव काढलं असतं तर वैद्यकीय उपकरणाच्या कागदांत आपली दिवाळी गेली असती. अखेर साहेबांनी स्वतः काठी घेऊन एक वाडगा घासला. गोदामभर असा काही घुमार उठला की हमाल हातातली पेटी धरून उभे राहिले. साहेबांनी डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, ‘‘घंटा.’’

बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमला द्यायचा आयातीचा कागद, त्याच आकड्यानं पुढे गेली.

कंदिलांची कथा लांबली. सीमेवर एक सही, कोलकात्यात एक पावसाळी आठवडा, मग अमरावती एक्सप्रेसच्या ब्रेकव्हॅनमध्ये वीस खोकी. ही गाडी हुबळी, लोंडा करत वास्कोला येते, आणि येते ती कॅसलरॉकवरूनच. मोबाइलवर गाडीचा ठिकाणा बघत मी रात्री जागा होतो. कॅसलरॉक आलं आणि गेलं. कुणी काही विचारलं नाही. दूधसागर, कुळें, सावर्डे. आजोबांचं स्टेशन एक्सप्रेसनं मिनिटाभरात मागे टाकलं.

वास्कोच्या पार्सल ऑफिसात रसीद दाखवली. हमालानं पहिलं खोकं उचललं आणि तोल जाऊन मागेच गेला. त्यानं वजनाच्या अंदाजानं जोर लावला होता. ‘‘पात्रांव,’’ तो म्हणाला, ‘‘हातूंत कितें आसा?’’

‘‘कंदील.’’

त्यानं खोकं कानाशी हलवून पाहिलं. ‘‘वारें आसा,’’ असा निर्णय दिला, आणि उरलेली खोकी दोन-दोन करून टेंपोत टाकली. हमाली मात्र नगावर घेतली.

त्या रात्री नरकासुराची रात्र होती. पर्वरीच्या पुढे प्रत्येक नाक्यावर नरकासुराचा एक पुतळा उभा, तोंडातून धूर, पायाशी ध्वनिक्षेपक, आणि मध्ये आमचा टेंपो. घरी पोचलो तेव्हा पहाट व्हायला आली होती. बायको अभ्यंगस्नानाच्या तयारीत. तिनं एक खोकं उघडलं, एक कंदील काढला. सुंदर होता, खोटं कशाला बोलू. तिनं तो फिरवून पाहिला, वरचं तारेचं कडं सोडवलं आणि दोन तळव्यांमध्ये हलकेच दाबला.

कंदील मिटला. पापडाएवढा झाला.

तिनं दुसरा दाबला. तोही मिटला. तिनं काही न बोलता खोक्यातले आठही मिटवून एकावर एक ठेवले. मोसंब्याच्या पेटीत पन्नास बसले असते. माळ्यावर आमचे जुने आकाशकंदील असेच ठेवलेले असतात. दरवर्षी मीच ठेवतो.

मी काठमांडूला फोन लावला. तिकडे पंधरा मिनिटं आधीच उजाडलं होतं.

‘‘दाइ, हे मिटतात?’’

‘‘हो हजुर. आम्ही नेहमी मिटवूनच पाठवतो. चौकोनी, पातळ पाकीट. फार स्वस्त पडतं.’’

‘‘मग माझेच उघडून का पाठवले?’’

पलीकडे जरा शांतता. मग व्हॉट्सॲपवर माझाच जुना संदेश परत आला. हिंदीत, माझ्याच नावाखाली: ‘एक-एक पीस खोलकर, चेक करके भेजना.’

बायकोनं तो माझ्या खांद्यावरून वाचला. मग ती उठली, आत गेली आणि कारीट आणून माझ्या पायाखाली ठेवलं. ‘‘फोड,’’ म्हणाली.