‘आपले आकडे आपणच ठरवू’ म्हणणाऱ्यांना उत्तर

सध्या एक दावा भरपूर फिरतो आहे. त्याचा गाभा असा: देशाची अधिकृत आकडेवारी ही त्या देशाची घरची बाब आहे. न्यूयॉर्क, जिनिव्हा आणि वॉशिंग्टनमधल्या संस्था त्यांच्या व्याख्या सगळ्यांच्या माथी मारतात. आठवड्यातून एक तास काम केले तरी माणूस रोजगारात धरायचा ही फसवणूक त्यांचीच, पायाभूत वर्ष (ज्या वर्षाच्या किमती आणि रचना आधार धरून मोजतात ते) बदलून जीडीपी फुगवण्याची युक्तीही त्यांचीच. हा सगळा खटाटोप कर्ज देणाऱ्यांच्या सोयीसाठी चालतो, आणि या संस्था स्वतःच आकड्यांत फेरफार करतात. तेव्हा प्रत्येक देशाने यातून बाहेर पडावे आणि आपापल्या पद्धतीने मोजावे.

या दाव्यामागचा राग मला समजतो, त्यातल्या एकदोन तक्रारी खऱ्याही आहेत. पण त्यातून काढलेला निष्कर्ष घातक आहे. समाईक व्याख्या सोडून दिल्या की सर्वांत आधी उघड्यावर पडतात ते त्याच देशाचे नागरिक, आणि खरा आकडा सांगू पाहणारे त्याच देशाचे संख्याशास्त्रज्ञ. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“व्याख्या बाहेरून लादल्या जातात.”

या व्याख्यांवर शेवटचा हात फिरतो तो संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगात. 1947 पासून काम करणाऱ्या या आयोगावर 24 देश निवडून येतात. आफ्रिकेच्या 5, आशियाच्या 4 आणि लॅटिन अमेरिका-कॅरिबियनच्या 4 जागा धरल्या तर निम्म्याहून अधिक होतात. तिथे बसतात ते त्या त्या देशाच्या सांख्यिकी कार्यालयांचे प्रमुख. नमुना पाहण्या (निवडक घरांना विचारून सगळ्यांचा अंदाज काढणाऱ्या) कशा घ्याव्यात आणि त्यांचे अहवाल कसे लिहावेत याचे पहिले आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन ज्या उपआयोगाने तयार केले, त्याचे अध्यक्ष भारतीय संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस होते. पीक कापणी प्रयोगांतून उत्पादनाचा अंदाज काढण्याची शिस्त घडवणारे, भारताचेच पांडुरंग वासुदेव सुखात्मे पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले आणि तिथला सांख्यिकी विभाग त्यांनी सुमारे दोन दशके सांभाळला. ही पद्धत ‘त्यांची’ म्हणताना या दोघांना कुठे बसवायचे?

खरी तक्रार वेगळी आहे. लहान आणि गरीब देशांच्या कार्यालयांत माणसेच कमी असतात, त्यामुळे जाडजूड मसुद्यांवर शेरे पाठवतात ते बहुतेक श्रीमंत देश. हे बदललेच पाहिजे. पण त्यासाठी चर्चेत जास्त माणसे पाठवावी लागतील. चर्चा सोडून निघून गेल्याने ते होणार नाही.

“एक तास काम म्हणजे रोजगार, ही धूळफेक आहे.”

हा मुद्दा सर्वांत जास्त पटतो आणि सर्वांत अर्धवट सांगितला जातो. एक तासाची अट 1982 मध्ये कामगार सांख्यिकीच्या 13 व्या आंतरराष्ट्रीय परिषदेने पक्की केली. त्यामागे हिशेब आहे. देशाच्या उत्पादनात ज्या श्रमाचा वाटा आहे तो सगळा मोजला गेला पाहिजे, म्हणजे उत्पादनाचा आकडा आणि श्रमाचा आकडा एकमेकांशी जुळतात. आणि ‘बेरोजगार’ या गटात फक्त तेच राहतात ज्यांच्या हाताला अजिबात काम नाही.

मग आठवड्यात चार तास काम मिळालेल्या आणि आणखी काम मागणाऱ्या माणसाचे काय? तेच मानक सांगते की त्याला अर्धबेरोजगार म्हणून वेगळे मोजा. 2013 च्या 19 व्या परिषदेने तर स्पष्टच म्हटले की नुसता बेरोजगारीचा दर पुरेसा नाही. कमी तासांचे काम असलेले, आणि काम हवे असूनही शोधणे सोडून दिलेले, यांना धरून आणखी निर्देशक प्रसिद्ध करा. याच परिषदेने केवळ घरच्यापुरते पिकवणाऱ्या शेतकऱ्याला ‘रोजगारात’ धरणे थांबवले. ज्या देशांत अशी शेती मोठी आहे तिथे नवी व्याख्या लावल्यावर रोजगाराचा दर खाली आला. आकडे गोंडस दिसावेत एवढाच हेतू असता तर असा बदल कोणी केला असता?

एखादे सरकार फक्त मथळ्याचा आकडा मिरवत असेल आणि तासांचे तक्ते दाबून ठेवत असेल, तर राग सरकारवर काढावा. ते तक्ते मागण्याचा आधार याच आंतरराष्ट्रीय ठरावात मिळतो.

“प्रत्येक देश आपले आपण मोजू शकतो.”

नाही मोजू शकत. निर्यातीचेच बघा. चीनमधून एक खोका निघतो, हाँगकाँगला उतरतो आणि तिथून अमेरिकेत जातो. माल शेवटी कुठे जाणार हे निघताना माहीत नसेल तर चीनच्या नोंदीत तो हाँगकाँगला झालेली निर्यात ठरतो. अमेरिकेचे कस्टम्स मूळ देश बघते, म्हणून तिकडे तीच वस्तू चीनमधून आलेली आयात ठरते. शिवाय निर्यात करणारा देश बंदरात माल चढवेपर्यंतची किंमत लिहितो, तर बहुतेक देश आयातीत विमा आणि वाहतूकही धरतात. एकच खोका, दोन देश, दोन आकडे, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर! ही तफावत किती आणि कशामुळे हे दोन्ही कार्यालयांनी कागद समोरासमोर ठेवल्याशिवाय उलगडत नाही. ते ठेवता येतात कारण 1988 पासून जगभरचे कस्टम्स वस्तूंना तेच सहा अंकी सांकेतिक क्रमांक देतात. नेहमीची कारणे वजा करूनही फरक उरला, तर बिलात किंमत कमी दाखवून कर चुकवला जातोय का याचा माग तिथून लागतो. एकट्या देशाला आपल्याच नोंदींतून हा माग लागणे फार अवघड.

माणसांचेही तसेच. देश सोडून जाणारा कुठल्या कार्यालयात जाऊन ‘मी चाललो’ असे सांगत नाही. त्याची नोंद होते ती तो जिथे पोचतो तिथे. आपल्याकडून किती लोक गेले हे कळायला दुसऱ्या देशांच्या जनगणना आणि नोंदवह्या लागतात.

आणि आयर्लंडचे उदाहरण कोणीच विसरू नये. 2015 मध्ये त्या देशाचा जीडीपी 26 टक्क्यांहून अधिक वाढल्याचे जाहीर झाले. कारखाने काही तेवढे वाढले नव्हते. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी पेटंटसारखी मालमत्ता कागदोपत्री तिकडे हलवली होती. आयर्लंडने यावर काय केले? मानक झुगारले नाही. जीडीपी ठरलेल्या रीतीने प्रसिद्ध करत राहून त्याने शेजारी स्वतःचे सुधारित राष्ट्रीय उत्पन्नाचे मापही द्यायला सुरुवात केली, ज्यातून असे परिणाम वगळलेले असतात. देशाला स्वतःचे माप हवे असेल तर त्याची वाट ही आहे, आणि ती कोणी अडवलेली नाही.

“पायाभूत वर्ष बदलणे ही लबाडी.”

थोडक्यात सांगतो. नायजेरियाने 2014 मध्ये पायाभूत वर्ष 1990 वरून 2010 वर आणले आणि जीडीपी 89 टक्क्यांनी मोठा दिसला, कारण जुन्या चौकटीत मोबाईल सेवा आणि चित्रपट उद्योग धड मावतच नव्हते. घानाचा आकडा 2010 मध्ये सुमारे 60 टक्क्यांनी वाढला आणि देश मध्यम उत्पन्न गटात गेला, म्हणजे सवलतीच्या कर्जाची दारे हळूहळू बंद होण्याची वेळ आली. फुगवाफुगवीतून स्वतःचेच असे नुकसान कोण करून घेईल? शंका घ्यायची तर मागच्या वर्षांचे आकडेही नव्या पद्धतीने मोजून प्रसिद्ध केले की नाही यावर घ्यावी. तो प्रश्न रास्त आहे.

“याचा फायदा फक्त कर्ज देणाऱ्यांना.”

अर्जेंटिनात काय झाले ते बघा. 2007 पासून तिथल्या सांख्यिकी संस्थेच्या महागाईच्या आकड्यांत सरकारने हात घातला आणि जाणकार अधिकाऱ्यांना बाजूला सारले. महागाईशी जोडलेल्या रोख्यांवर कमी पैसे द्यावे लागले, हे खरे. म्हणजे ‘आपले आकडे आपणच ठरवू’ हे धोरण सावकारांना बोचले. पण दारिद्र्यरेषाही त्याच किमतींवर आखली जात होती. 2013 च्या पूर्वार्धात अधिकृत गरिबी 4.7 टक्क्यांवर आली आणि त्यानंतर आकडा प्रसिद्ध होणेच थांबले. संस्था दुरुस्त झाल्यावर, 2016 मध्ये, पुन्हा मोजले तर 32.2 टक्के निघाले. या काळात गरीब माणूस सरकारी कागदावरून पुसला गेला होता. फेब्रुवारी 2013 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने या आकड्यांबद्दल अर्जेंटिनाची औपचारिक निर्भर्त्सना केली, आणि ती नोव्हेंबर 2016 मध्ये मागे घेतली. नाणेनिधीच्या कर्जधोरणावर हवी तेवढी टीका करा, मीही करेन. पण या एका बाबतीत त्याचे म्हणणे आणि तिथल्या गरिबांचे हित एकाच बाजूला होते.

ग्रीसची गोष्ट जास्त टोचते. 2009 च्या सरकारी तुटीचा अंदाज एकाच महिन्यात जीडीपीच्या 3.7 टक्क्यांवरून 12.5 वर गेला आणि शेवटी 15.4 टक्क्यांवर ठरला. हा शेवटचा आकडा देणारे आंद्रेआस जॉर्जिऊ ऑगस्ट 2010 पासून सांख्यिकी प्राधिकरणाचे प्रमुख होते. तूट मुद्दाम फुगवली असा त्यांच्यावर मायदेशात खटला चालला. युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाने, युरोस्टॅटने, तर त्यांचे आकडे कोणतीही हरकत न घेता स्वीकारले होते. पुढे आकडे संचालक मंडळाच्या मतदानाला टाकले नाहीत म्हणून त्यांना दोन वर्षांची स्थगित शिक्षा झाली. युरोपच्या सांख्यिकी संहितेनुसार आकडा कधी आणि कसा जाहीर करायचा हा अधिकार प्रमुखाचा असतो, मतदानाचा विषय नसतो. बाहेर तीच पद्धत जाणणारे लोक नसते तर जॉर्जिऊंच्या बाजूने पुराव्यानिशी कोण बोलले असते? 2014 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने अधिकृत सांख्यिकीची 10 मूलभूत तत्त्वे मान्य केली ती अशा वेळेसाठीच. त्यांत व्यावसायिक स्वायत्तताही आहे आणि देशांमधले सहकार्यही.

“आंतरराष्ट्रीय संस्थाच फेरफार करतात.”

इथे दाव्यात तथ्य आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. कुठल्या देशात व्यवसाय करणे किती सोपे याची क्रमवारी लावणारा जागतिक बँकेचा ‘डुइंग बिझनेस’ अहवाल 2021 मध्ये बंद करावा लागला, कारण चीन, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि अझरबैजान यांच्या आकड्यांत गैरप्रकार झाल्याचे समोर आले. मात्र तो जाणकारांच्या उत्तरांवर बेतलेला बँकेचा स्वतःचा निर्देशांक होता, त्यामागे देशांच्या सांख्यिकी कार्यालयांची मोजणी नव्हती. माझ्या मते अशा निर्देशांकांना अधिकृत आकडेवारीच्या पंक्तीला बसवूच नये. जागतिक आरोग्य संघटनेने मे 2022 मध्ये कोविड साथीच्या दोन वर्षांतले अतिरिक्त मृत्यू (एरवी अपेक्षित असतात त्यापेक्षा जास्त झालेले) 1.49 कोटी असल्याचा अंदाज दिला, तेव्हा भारताने त्या पद्धतीवर जाहीर हरकत घेतली. हरकत घेणे हा देशाचा हक्कच आहे. पण अशा वादाला निर्णायक उत्तर एकच असते: स्वतःच्या मृत्यूनोंदी पूर्ण आणि वेळेवर प्रसिद्ध करणे. जिथे नोंदी नसतात तिथेच प्रारूपे, म्हणजे गणिताने काढलेले अंदाज, घुसतात.

सहकार्य थांबले तर काय होते याचा अंदाज बांधत बसायची गरज नाही, ते नुकतेच घडले आहे. 1984 पासून अमेरिकेच्या पैशावर चालणारा लोकसंख्या व आरोग्य पाहण्यांचा कार्यक्रम फेब्रुवारी 2025 मध्ये निधी काढून घेतल्याने थांबला. 90 हून अधिक देशांत या पाहण्या झाल्या होत्या, आणि जन्ममृत्यूची नोंदणी अपुरी आहे अशा अनेक देशांत बालमृत्यूचा दर मुख्यतः यांतूनच कळायचा. घरोघरी जाऊन विचारणारे लोक त्या त्या देशाचेच होते. थांबले ते नमुना आखणे, प्रशिक्षण, सर्व देशांत सारखी राहणारी प्रश्नावली आणि माहिती तपासणारी यंत्रणा. अनेक देशांतल्या चालू पाहण्या मध्येच अडकल्या. एका देशाच्या मर्जीवर इतका भार ठेवला ही चूक झालीच. ती सुधारायची तर हा खर्च अनेक देशांनी वाटून घ्यायला हवा, आणि त्याची मागणी आपापल्या सरकारांकडे आताच करायला हवी.